शाश्वत, टिकाऊ आणि उस्तवार

गेल्या हिवाळ्यात रोहा तालुक्यातील एका निबंधस्पर्धेचे परीक्षण माझ्याकडे आले. विषय होता ‘शाश्वत जीवनशैली : सुरुवात आपल्या घरापासून’. स्पर्धक पदवीच्या पहिल्या दोन वर्षांतले, बहुतेक कोलाड आणि आसपासच्या गावांतले. एकूण अडतीस निबंध होते. हस्ताक्षरे अडतीस होती म्हणून ते वेगळे मानायचे, एरवी मजकूर एकच. दिवे एलईडीचे लावावेत. दात घासताना नळ बंद ठेवावा. बाजारात जाताना कापडी पिशवी न्यावी. ओला कचरा आणि सुका कचरा वेगळा करावा. आणि जवळपास प्रत्येकाने न चुकता लिहिले होते की, शॉवरखाली आंघोळ करण्याऐवजी बादली वापरावी.

या बादलीपाशी मी थांबलो. यांतल्या किती मुलांच्या घरी शॉवर असेल? माझ्या अंदाजाने हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्यांच्या. म्हणजे जन्मभर बादलीने आंघोळ करणारी मुले, बादलीने आंघोळ करावी असा उपदेश कोणाला तरी करत होती. तो ‘कोणी तरी’ ज्या घरात राहतो ते घर त्यांचे नाही. एकाही निबंधात स्वतःचे घर आले नाही, आजी आली नाही, परस आले नाही. आणि कुंडलिकेच्या काठी राहणाऱ्या अडतीस मुलांपैकी कोणाच्याही निबंधात कुंडलिका आली नाही.

दोष मुलांचा आहे असे मला वाटत नाही. आपण, म्हणजे भाषा शिकवणाऱ्या मंडळींनी, त्यांच्या हाती जो शब्द दिला त्या शब्दातच घराला जागा नव्हती. आपल्या वाचकांत मराठीचे विद्यार्थी आणि अध्यापक बरेच असल्यामुळे आधी या शब्दाविषयी थोडे बोलतो.

१९८७ मध्ये ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आला आणि विकासाला लागणारे एक विशेषण जगभर रूढ झाले. मराठीत त्यासाठी ‘चिरस्थायी’, ‘टिकाऊ’, ‘शाश्वत’ असे शब्द फिरले आणि अखेर ‘शाश्वत’ स्थिरावला. २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सतरा ध्येये जाहीर केली, ती मराठीत ‘शाश्वत विकास ध्येये’ म्हणूनच आली. आता हा शब्द आपल्या परंपरेत कुठे वावरतो ते पाहा. शाश्वत ते ब्रह्म, शाश्वत तो आत्मा. संसार, देह, घरदार, भांडीकुंडी हे सारे अशाश्वत, हे आपल्या कीर्तनांनी शतकानुशतके कानीकपाळी ओरडून सांगितले आहे. त्यामुळे ‘घरातील शाश्वत सवयी’ हा शब्दप्रयोग जुन्या कानाच्या माणसाला विनोदीच वाटावा. मोरीला शाश्वतपणा आणायचा म्हणजे काय करायचे?

पण माझी खरी तक्रार अर्थाची नाही, व्याकरणाची आहे. ‘शाश्वत’ हे अवस्थेचे विशेषण आहे. त्याच्यामागे क्रियापद नाही आणि म्हणून कर्ताही नाही. ‘टिकाऊ’ त्या मानाने बरा, कारण त्यात निदान टिकणे आहे. पण तोही चपलेला आणि रंगाला लावून लावून दुकानी झाला. शिवाय टिकणे अकर्मक. वस्तू आपली आपण टिकते, कोणी टिकवावी लागत नाही, असा भास त्यातून होतो.

आमच्याकडे एक वेगळा शब्द होता : उस्तवार. आजाऱ्याची उस्तवार, गुरांची उस्तवार, झाडांची उस्तवार. काळजी, निगा, सेवा हे शब्द त्याच्या शेजारचे, पण उस्तवारीत रोजचा कंटाळवाणा पुनरावृत्तीचा भाग आहे, तो त्यांत नाही. उस्तवार एकदा करून संपत नाही. आणि मुख्य म्हणजे ‘उस्तवार’ म्हटले की पुढचा प्रश्न आपोआप येतो : कोण करतो? बहुतेक वेळा : कोण करते?

कोलाडच्या घरातले वर्ष या शब्दाने बांधलेले असे. मे महिना लागला की आगोटीची घाई. आगोट म्हणजे पावसाच्या तोंडावरचे दिवस आणि त्या दिवसांत करायची बेगमी, दोन्ही. सुकट, बोंबील, मीठ, मिरच्या, मसाला, लाकूडफाटा, शेणी, सारे चार महिन्यांच्या हिशेबाने भरायचे, कारण पाऊस लागला की बाजार आणि रस्ता दोन्हींचा भरवसा नसे. घर नळ्याच्या कौलांचे असेल तर दरसाल शाकारणी. सगळी कौले उतरवायची, फुटकी बाजूला काढायची, चांगली पुन्हा लावायची. फुटकी टाकायची नाहीत, ती वाटेवर चिखलात घालायची. पडवीला झापांचा आडोसा. न्हाणीचे पाणी परसात, जिथे केळी आणि अळू लावलेले असे. अळवाला स्वतंत्र पाणी घातलेले मी तरी पाहिले नाही.

आणि भात. एका पिकाचे किती शब्द होते ते मोजावे. पेंढा गुरांना आणि शाकारायला, तूस चुलीला, त्याची राख भांड्यांना, कोंडा पुन्हा गुरांना, कणी पेजेला, तांदळाचे धुवण भाजीच्या वाफ्याला किंवा गाईच्या घमेल्यात. भात कापून झाला की जमिनीत उरलेल्या ओलीवर वाल पेरायचे, त्यांना पाणी द्यावे लागत नाही. त्याच वालाच्या शेंगा हिवाळ्यात मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात घालून, थेंबभर पाणी न घालता, पालापाचोळ्याच्या आगीवर शिजवतात. तिला पोपटी म्हणतात आणि आता ती खायला मुंबईहून गाड्या येतात. यातल्या प्रत्येक टप्प्याला नाव होते आणि त्या नावात पुढच्या कामाची सूचना होती. ‘ओला कचरा’ या शब्दात तशी कसलीच सूचना नाही. कोंडा आणि धुवण दोन्ही त्यात गडप होतात.

इथवर वाचून कोणी मान डोलावू लागले असेल तर त्यांना थोडे अडवले पाहिजे. पूर्वीचे सारे निसर्गस्नेही होते, आपणच बिघडलो, हा सूर अलीकडे ललित लेखनात फार स्वस्त झाला आहे. त्याच कोलाडच्या भातशेतीचा पहिला टप्पा राब भाजण्याचा. रोपाच्या जागेवर शेण, पाला, झाडांच्या तोडलेल्या फांद्या पसरून ते जाळायचे, म्हणजे तण मरते आणि रोप जोमाने येते. त्यासाठी दरवर्षी डोंगरावरचे ऐन आणि इतर झाडे खांडली जात. ठाणे आणि कुलाबा (म्हणजे आजचा रायगड) जिल्ह्यांत राबावरून शेतकरी आणि वनखाते यांच्यात इतका संघर्ष झाला की १८८०च्या दशकात मुंबई सरकारला त्यासाठी वन आयोग नेमावा लागला. शेतकऱ्याचे म्हणणे खरे होते, राबाशिवाय त्याचे पीक येत नव्हते. पण डोंगर उघडा पडत होता हेही खरे होते. याच डोंगरांतला कोळसा मुंबईच्या शेगड्यांत जळत होता आणि तो पाडण्यासाठी कातकरी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या भट्ट्यांवर राबत होती.

चुलीचेही तेच. शेणी आणि तुसावर शिजलेल्या भाताची चव सांगणारे पुष्कळ भेटतात. ते सहसा फुंकणी हाती धरलेले नसतात. माझ्या आजीचे डोळे शेवटची दहा वर्षे सतत पाणावलेले असत, आम्ही मुले त्याला तिचा हळवा स्वभाव समजत होतो.

‘काहीच वाया न घालवणे’ या गुणाचाही नीट विचार व्हायला हवा. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ (२०१५) हे पुस्तक आपल्यापैकी अनेकांनी वाचले असेल. मराठवाड्यातल्या दलित खाद्यसंस्कृतीची ती नोंद आहे. जनावराचा एकही भाग न टाकणारे, मांस वाळवून ठेवणारे, रानातल्या पाल्याची भाजी करणारे ते स्वयंपाकघर आजच्या कोणत्याही निकषावर ‘शाश्वत’ ठरेल. पण ते वाचून कोणाला हा शब्द वापरण्याचे धाडस होईल? ती काटकसर निवडलेली नव्हती, लादलेली होती. उरलेसुरले वापरणे हा गुण की शिक्षा, हे उरवणारा कोण आणि वापरणारा कोण यावर ठरते. आपल्या आत्मकथनांनी ही गोष्ट १९७८ च्या ‘बलुतं’पासून स्पष्टपणे मांडली आहे. पर्यावरणावर निबंध लिहायला सांगताना ती पुस्तके आपण बाजूला का ठेवतो, हे मला कळत नाही.

आता आजच्या घराकडे. स्पर्धेच्या बक्षीससमारंभात परीक्षकांना पुष्पगुच्छाऐवजी कापडी पिशवी देण्यात आली. कोरी, जाड सुती, त्यावर झाडाचे चित्र. माझ्याकडची ही चौथी. महाराष्ट्रात प्लास्टिक पिशव्यांचा इतिहास तसा जुना आहे. २६ जुलै २००५ च्या मुंबईतील पुरानंतर तुंबलेल्या गटारांची चर्चा झाली, २००६ मध्ये पन्नास मायक्रॉनांची मर्यादा आली, मार्च २०१८ मध्ये बंदी आली. बंदीचे पुढे काय झाले ते कोलाड नाक्यावर मासळी घेताना रोज दिसते. पण कापडी पिशवीचे गणितही सरळ नाही. डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात, केवळ हवामानावरील परिणाम धरला तरी, नव्या सुती पिशवीचा वापर निदान ५२ वेळा व्हावा तेव्हा कुठे ती साध्या प्लास्टिक पिशवीच्या बरोबरीला येते असे निघाले. पाणी आणि इतर परिणाम मिळवले तर हा आकडा हजारांत जातो. जुन्या लुगड्याची पिशवी या हिशेबात बसत नाही, कारण तिचा कापूस कधीच वसूल झालेला असतो. चौथी कोरी पिशवी मात्र बसते. सवय म्हणून जी गोष्ट आपण सांगतो ती खरेदी होऊन परत येते, असे हे चालले आहे.

आणि पिशवी धुणार कोण? मी स्वतःची गोष्ट सांगतो. चार वर्षांपूर्वी मी घरामागे खताचा खड्डा केला आणि त्यावर एक बऱ्यापैकी लेख लिहिला. लेख आवडला, दूरध्वनी आले. पुढे पावसाळ्यात काही दिवस पत्नी माहेरी गेली तेव्हा खड्ड्याला वास सुटला, अळ्या झाल्या. ती आल्यावर म्हणाली, “अहो, ओल्यावर रोज कोरडा पाला घालावा लागतो. माती भुरभुरावी लागते. मग दर आठवड्याला खालीवर करायचं. तुम्हांला काय वाटलं, आपोआप होतं?” मला तसेच वाटत होते. लेखात ‘खत तयार होते’ असे मी लिहिले होते, अकर्मक क्रियापदात. त्या वाक्यातून ती सरळ गळाली होती आणि माझ्यासकट एकाही वाचकाला ते खटकले नव्हते.

घरातल्या पर्यावरणस्नेही सवयींची यादी कोणतीही घ्या. दोन डबे ठेवा, रिठ्याने धुवा, बाजारचे पुडे न आणता घरी करा, उरलेल्याचे थालीपीठ लावा. यातली बहुतेक कामे ज्यांच्याकडे आधीच सर्वाधिक कामे आहेत त्यांच्याकडे जातात. उपदेश मात्र ‘आपण’ या सर्वनामात होतो. मराठीतले ‘आपण’ फार सोयीचे आहे.

याला आपल्याच साहित्यात एक चांगला अपवाद आहे. साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’मध्ये पत्रावळीचे प्रकरण आहे. श्यामला पत्रावळ लावता येत नाही, त्याला ते लागते आणि तो शिकतो. शाळेत आपण हा भाग स्वावलंबन, मातृप्रेम वगैरे मथळ्यांखाली शिकवतो. मला त्यात दिसते ते एवढेच की, जेवणाऱ्या मुलाला त्याचे ताट स्वतः करता आले पाहिजे असे त्या घराला वाटत होते. पान झाडाचे, चोय काडीची, उष्टे झाल्यावर गुरांपुढे किंवा खतात. पण मुलगा त्यात कर्ता आहे. पर्यावरणाच्या धड्यांत हे प्रकरण कधी दिसले नाही.

सोयीची साधने आली तर ती घ्यावीत, या मताचा मी आहे. पुण्यातल्या ‘आरती’ या संस्थेने, म्हणजे डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने, शेणाऐवजी खरकटे, खराब पीठ, पेज यांवर चालणारे छोटे बायोगॅस संयंत्र बनवले, त्याला २००६ मध्ये ब्रिटनचा ॲश्डेन पुरस्कारही मिळाला. (आनंद हे इरावतीबाईंचे चिरंजीव, हे साहित्याच्या वाचकांसाठी.) एलईडी दिवा हेही उत्तम साधन; साठ वॉटच्या बल्बाचे काम नऊ वॉटांत होते आणि तो लावल्यावर कोणाला उठून काही करावे लागत नाही. अशा गोष्टींवर निबंध लिहवून घेण्याचीही गरज नाही.

नळ बंद ठेवण्याविषयी मात्र लिहायला हवे होते, कारण कोलाडचा नळ हा साधा नळ नाही. इतर कोकणी नद्यांचे उन्हाळ्यात डोह होतात, कुंडलिका मात्र मे महिन्यातही वाहते. हे पाणी तिचे नव्हे. सह्याद्रीच्या पलीकडे मुळशीला टाटा कंपनीने मुळा नदीवर धरण बांधले आणि जे पाणी भीमेत, कृष्णेत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळाले असते ते उलटे पश्चिमेला वळवून सुमारे पाचशे मीटर खाली भिऱ्याच्या वीजघरात सोडले. १९२७ पासून हे चालू आहे. वीज मुंबईला गेली, वापरून झालेले पाणी कुंडलिकेला मिळाले. त्याआधी १९२१ ते १९२४ या काळात मुळशी पेट्यातल्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला, सेनापती बापट तुरुंगात गेले, ‘सेनापती’ हे नाव त्यांना तिथेच पडले. सुमारे पन्नास गावांच्या जमिनी पाण्यात गेल्या. आज सकाळी भिऱ्याचे पाणी सुटले की कोलाडला तरंगत्या रबरी होड्यांतून पर्यटक किंचाळत जातात. डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालव्यांना पाणी मिळते, उन्हाळी भात होतो.

तेव्हा कोलाडला दात घासताना नळ बंद केला तर काय वाचते? मुख्यतः पंपाची वीज. पाणी तसेही रेवदंड्याच्या खाडीकडेच जायचे आहे. पण त्याच तालुक्यातल्या डोंगरावरच्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये हंडाभर पाण्यासाठी बायका उतरण उतरून जातात, तिथे नळ बंद ठेवा हे सांगायलाही नळ हवा. आणि कोलाडच्या खाली धाटावची औद्योगिक वसाहत आहे, तिथले रासायनिक कारखाने आहेत. २०१८ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीत महाराष्ट्रातल्या नद्यांचे ५३ प्रदूषित पट्टे होते, त्यांत कुंडलिकेचाही होता. खाडीतल्या कोळ्यांच्या तक्रारी त्याहून जुन्या आहेत. अडतीस घरांनी रिठ्याने भांडी घासली म्हणून तो पट्टा यादीतून निघणार नाही.

मग घरच्या सवयी निरर्थक आहेत का? माझे काही मित्र तसे म्हणतात. कोकण रेल्वेने जानेवारी १९९९ मध्ये कोलाडहून गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत मालट्रक रेल्वेवर चढवून न्यायला सुरुवात केली, तशा एका गाडीने जितके डिझेल वाचते तितके आपल्या साऱ्या गावाच्या काटकसरीने वाचायचे नाही, असा त्यांचा युक्तिवाद असतो. हिशेब म्हणून तो बरोबर आहे. तरी मला तो पटत नाही. ज्या घरात धुवण कुठे जाते हे ठाऊक आहे, त्या घराला कारखान्याचे सांडपाणी कुठे जाते हा प्रश्न सुचण्याची शक्यता अधिक असते. खड्डा स्वतः खालीवर केल्यापासून मला तरी ग्रामसभेत कचऱ्याच्या विषयावर बोलताना कमी लाज वाटते. आता आमच्या घरी आठवड्याची पाळी आहे. माझी रविवारी असते, आणि पावसाळ्यात ती मी दोनदा चुकवली हेही इथे नोंदवतो.

समारंभानंतर चहा घेताना पुढच्या वर्षीच्या विषयाची गोष्ट निघाली. मी सुचवले, ‘आमच्या घरातली उस्तवार’ असा विषय द्या. कोण काय टिकवतो, कसे, किती वेळ लागतो, पाणी कुठून येते आणि कुठे जाते, एवढेच लिहायला सांगा. सगळ्यांनी माना हलवल्या. मग एक ज्येष्ठ सहकारी चहाचा कागदी पेला कुठे टाकावा ते शोधत म्हणाले, “विषय चांगला आहे सर. पण अडचण अशी आहे की, सगळी मुलं आईला विचारूनच लिहितील.”